घरी गेल्यावर हात काय करतो?

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर तीन-चार महिन्यांनी फेरतपासणीला आलेल्या माणसाला थेरपिस्ट विचारते, “हात कसा आहे आता?” रुग्ण म्हणतो, “काही फरक नाही हो.” शेजारी उभी असलेली बायको लगेच म्हणते, “असं काय म्हणता? परवा दाराची कडी तुम्हीच काढलीत ना?” आणि थेरपिस्टच्या कागदावर मागल्या खेपेला ३१ असलेला आकडा या खेपेला ३८ झालेला असतो. तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नसते. रुग्ण आपल्या जुन्या हाताशी तुलना करत असतो, बायको झटक्याच्या रात्रीशी आणि कागद मागल्या कागदाशी. मात्र चौथा प्रश्न त्या खोलीत सहसा विचारलाच जात नाही: सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत या हाताने आज काय काय केले? विचारला तरी त्याचे उत्तर कोणाला ठाऊक नसते, कारण दिवसभर आपल्या हाताकडे कोणी पाहत बसत नाही.

मनगटावर, बोटात किंवा दंडावर बांधायची लहान उपकरणे वापरून या चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जी विद्या गेल्या पंचवीसेक वर्षांत आकाराला आली, तिची ही प्रस्तावना. ती लिहिताना माझ्यासमोर दोन वाचक आहेत. एक, ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओथेरपी शिकणारी विद्यार्थिनी, जिला आलेख समोर आला की हे आपले काम नव्हे असे वाटते. दुसरा, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकलेला तरुण, ज्याने सेन्सर पुष्कळ हाताळले आहेत, पण ताठरलेली मूठ एकदाही आपल्या हातांनी उघडून पाहिलेली नाही. दोघांनाही या विद्येच्या घरात जागा आहे, आणि एकाने दुसऱ्याला सोडून केलेले काम बहुतेक वाया जाते, हे मी आरंभीच सांगून ठेवतो.

इंजिनिअरला माझी पहिली विनंती अशी की जुन्या कागदी चाचण्यांना कमी लेखू नका. लाईल यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट’ घ्या. तिच्यात १९ कृती आहेत, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण ५७. वेगवेगळ्या आकारांचे लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे, गोटी आणि छर्रा चिमटीत धरायचा, हात तोंडापर्यंत, डोक्यावर, डोक्यामागे न्यायचा. यादीत क्रिकेटचा चेंडूसुद्धा आहे. त्याआधी १९७५ मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल फुगल-मायर आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतर हालचाली ज्या क्रमाने परततात त्या क्रमावरच एक मोजणी बांधली. तिच्यात खांद्यापासून बोटांपर्यंतच्या भागाला ६६ गुण आहेत. १९६९ची जेब्सन चाचणी सात कामे देते आणि घड्याळ लावते. ठोकळ्यांच्या चाचणीत ६० सेकंदांत अडीच सेंटिमीटरचे किती ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात गेले एवढेच मोजतात. साधी साधने आहेत ही. पण त्यांच्यामागे एक शिकलेला डोळा असतो. रुग्णाने ठोकळा उचलला, पण खांदा वर ओढून आणि धड पुढे झुकवून उचलला, हे थेरपिस्ट एका नजरेत ओळखते आणि गुण कापते. मनगटावरच्या पट्ट्याला तेवढे कळायला धडावर आणि दंडावर आणखी सेन्सर लावावे लागतात, आणि तरी ते कधी कळते, कधी कळत नाही.

चाचण्यांचा कमीपणा वेगळ्याच जागी आहे. चाचणी वीस-तीस मिनिटांची असते, योग्य उंचीच्या खुर्चीवर बसून दिलेली असते, समोर कोणीतरी पाहत असते, आणि “या हाताने उचला” असे स्पष्ट सांगितलेले असते. अशा वेळी माणूस आपले सर्व बळ एकवटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत: सोयीच्या जागी माणूस काय करू शकतो, आणि आपल्या नेहमीच्या जागी तो प्रत्यक्षात काय करतो. मराठीत पहिलीला क्षमता आणि दुसरीला वापर म्हणू. पुढचे सगळे विवेचन या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभे आहे.

हे अंतर किती खोल असू शकते, हे एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आले. माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू तोडले की ते तो हात वापरायचे सोडून देते, जरी हालचाल घडवणारे मज्जातंतू शाबूत असले तरी. चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड ‘मेलेल्या’ हाताने काम करू लागते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत हात दाद देत नाही, प्रत्येक प्रयत्न फसतो, आणि प्राणी हात न वापरणे शिकतो. पुढे थोडी शक्ती परतली तरी ती सवय तशीच राहते. टाउब यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत फार मोठा वाद झाला. या ज्ञानाच्या पायाशी ते दुःखही आहे, आणि नव्या अभ्यासकाने ते माहीत करून घ्यावे. त्यातूनच माणसांसाठी चांगला हात मोज्यात अडकवून आजारी हाताकडून काम करून घेण्याची उपचारपद्धती निघाली, आणि २००६ मध्ये २२२ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसून आला.

पण हात घरी वापरला जातो की नाही, हे कळायचे कसे? आधी टाउब यांचा गट रुग्णालाच विचारत असे: टॉवेलने अंग पुसताना हा हात किती वापरता, दिवा लावताना किती? माणूस सांगतो ते प्रामाणिकपणे सांगतो, पण आठवणीवर सांगतो, आणि समोरच्या थेरपिस्टला वाईट वाटू नये म्हणूनही थोडे सांगतो. म्हणून २००० च्या सुमाराला अलाबामातील त्याच परंपरेत गितेंद्र उस्वत्ते आणि सहकाऱ्यांनी दोन्ही मनगटांवर ॲक्सेलरोमीटर बांधायला सुरुवात केली. आज जे यंत्र आपल्या मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी करते, तेच ते. सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांवर टांगलेला एक सूक्ष्म भार. हात हलला की तो सरकतो आणि त्याच्या सरकण्याने विजेची मात्रा बदलते. हात स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतच असते, त्यामुळे मनगट पालथे आहे की उताणे, हेही थोडेफार कळते. सेकंदाला ३० ते १०० वेळा ही नोंद होते आणि पट्टा ती साठवून ठेवतो.

या साध्या पट्ट्याने पहिली थक्क करणारी गोष्ट सांगितली ती निरोगी माणसांविषयी. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रायन बेली आणि कॅथरीन लँग यांनी ७४ धडधाकट प्रौढांच्या दोन्ही मनगटांवर पट्टे बांधले आणि २०१३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. मुख्य हात दिवसातून सरासरी ९.१ तास हालत होता, दुसरा ८.६ तास. दोघांचे गुणोत्तर ०.९५. आपण सगळे समजत असतो की उजवा हात कामाचा आणि डावा सोबतीचा. पण भाजी चिरताना डाव्याने धरले नाही तर उजवा काय चिरणार? भाकरी थापताना परात कोण फिरवते? पिशवीचे तोंड उघडे कोण धरते? डावा हात दिसत नाही असे काम करतो, आणि ते काम दिवसभर चालू असते. म्हणून पक्षाघाताने डावी बाजू गेली तर “नशीब, उजवा तरी शाबूत आहे” असे जे लोक म्हणतात, ते त्या माणसाला आधार देतात खरे, पण त्याचे नुकसान त्यांना कळलेले नसते. हे गुणोत्तर पक्षाघाताच्या रुग्णात किती खाली आले आणि उपचाराने किती वर चढले, हा या क्षेत्रातला सर्वांत जास्त वापरला जाणारा आकडा आहे.

आता जिथे थांबायलाच हवे अशा जागी येऊ. लँग यांच्याच गटाने २००९ मध्ये पुनर्वसन केंद्रांतली सत्रे बसून मोजली होती, आणि एका सत्रात हाताच्या कामाची आवर्तने सरासरी ३२ भरली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना मेंदूत बदल घडवायला एका दिवसात शेकडो आवर्तने लागतात. मग सरळ तर्क असा की आवर्तने वाढवा. २०१६ मध्ये त्यांनी ८५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. कोणाला एकूण ३,२०० आवर्तने, कोणाला ६,४००, कोणाला ९,६००, आणि चौथ्या गटाला होतील तेवढी. चाचणीचे गुण थोडे वाढले, पण जास्त आवर्तनांना जास्त फळ, असे दिसले नाही. आणि २०१७ मध्ये किंबर्ली वॉडेल यांनी त्याच रुग्णांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतले आकडे काढून दाखवले: घरी हाताचा वापर वाढलेला नव्हता.

हे वाचून पुष्कळ थेरपिस्टांना वाईट वाटले असेल, मलाही वाटले. आठवडेच्या आठवडे रुग्ण येतो, घाम गाळतो, हजारो वेळा डबा उचलून ठेवतो, थेरपिस्ट बाजूला उभी राहून मोजते, आणि घरी गेल्यावर हात पूर्वीसारखाच मांडीवर पडून राहतो. कागदावर सुधारणा खरी, पण ती उंबरठा ओलांडून आत गेली नाही. माझ्या मते या संपूर्ण क्षेत्राने दिलेले हे सर्वांत मोलाचे ज्ञान आहे, आणि ते पट्ट्याशिवाय मिळाले नसते. कागद एकटा असता तर सगळ्यांनी समाधान मानले असते. आता प्रश्न असा आहे की क्षमता वापरात का उतरत नाही. ताठरपणामुळे? वेळ लागतो म्हणून? घरच्यांनी प्रेमापोटी सगळे हातात आणून दिल्यामुळे? आपल्या घरांमध्ये शेवटचे कारण फार मोठे असावे असा माझा अंदाज आहे. आजारी माणसाला पाण्याचा पेलाही उचलू न देणे याला आपण सेवा म्हणतो.

मनगटाच्या पट्ट्याच्या मर्यादाही उघड आहेत. चालताना हात आपोआप झुलतात, आणि पट्टा ते काम म्हणून मोजतो. एसटीत किंवा रिक्षात बसले की दोन्ही मनगटे हादरतात. बोलताना हातवारे करणारा माणूस कष्टाळू ठरतो. उलट, दळण दळायला नेताना पिशवी घट्ट धरून उभा राहिलेला हात पट्ट्याला रिकामा वाटतो, कारण तो हलत नाही. आणि मुख्य म्हणजे पट्ट्याला बोटे दिसत नाहीत. पक्षाघातानंतर खांदा आणि कोपर आधी परततात, बोटे उशिरा, आणि मूठ उघडणे तर सर्वांत शेवटी, तेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे ज्या हालचालीवर माणसाचे स्वावलंबन अडलेले असते, तीच नेमकी मनगटावरून दिसत नाही.

हातात २७ हाडे आहेत, आणि बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात आहेत. तिथे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवले तर स्नायूंची वीज वाचता येते, अगदी बोट हलण्याआधीचा प्रयत्नसुद्धा. मात्र घामाने आणि इलेक्ट्रोडची जागा बोटभर सरकल्याने वाचन बदलते. दुसरा मार्ग अंगठीचा. कॅलिफोर्नियातील अर्वाइन येथे डेव्हिड राइन्केन्समायर, मार्क बाखमन आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या ‘मॅन्युमीटर’मध्ये बोटात चुंबकाची अंगठी असते आणि मनगटावरच्या पट्ट्यात चुंबकीय क्षेत्र मोजणारे सेन्सर. बोट वाकले की क्षेत्र बदलते, आणि बोटे दिवसातून किती वेळा हलली याची गणती होते. मला या कल्पनेत एक शहाणपण दिसते: आजारी माणसाच्या बोटात अंगठी सहज राहते, तिची लाज वाटत नाही, आणि ती घालायला दुसऱ्या कोणाची मदत फारशी लागत नाही. टोरांटोत होजे झरिफा यांचा गट मणक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या कपाळावर छोटा कॅमेरा लावून हात नेमक्या कोणत्या वस्तूला लागला हे पाहतो. त्यातून सर्वांत जास्त कळते, आणि घरातल्या इतर माणसांच्या खाजगीपणाला सर्वांत जास्त धक्काही त्यानेच लागतो.

हातमोजे मात्र या विषयातले जुने स्वप्न आहे. १९७७ मध्ये शिकागोत इलिनॉय विद्यापीठात पहिला ‘सायर ग्लव्ह’ झाला. बोटांवरून लवचीक नळ्या, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेल. बोट वाकले की प्रकाश कमी. १९८० च्या दशकात टॉमस झिमरमन यांनी हवेत गिटार वाजवण्याच्या ओढीने मोज्याचा विचार सुरू केला आणि त्यातून पुढे प्रकाशतंतूंचा ‘डेटाग्लव्ह’ आला. स्टॅनफर्डमध्ये जेम्स क्रेमर यांनी खुणांच्या भाषेचे बोलण्यात रूपांतर व्हावे म्हणून ‘सायबरग्लव्ह’ तयार केला. १९८९ मध्ये मॅटेलने निन्टेंडोच्या खेळांसाठी मोजा विकला. या सगळ्यांत बुद्धी अफाट आहे, पण आजारी हात डोळ्यांसमोर ठेवून यातला एकही मोजा शिवलेला नव्हता. ज्याने ताठरलेल्या, घामेजल्या, बंद मुठीत एकेक बोट सोडवत मोजा चढवला आहे, त्यालाच कळते की पहिली दहा मिनिटे त्यातच जातात, आणि मोजा चढेपर्यंत हात आणखी ताठर झालेला असतो. शिवाय आपल्याकडे हात दिवसातून किती वेळा पाण्यात जातो! मोजा घालून कोणी वरण-भात कालवत नाही.

मोज्याच्या इतिहासातली एक कथा मात्र वेगळी आहे, आणि तिचा पाया भारतात आहे. १९४० च्या दशकात पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांच्या नखीसारख्या हातांवर त्यांनी स्नायूंच्या कंडरा बदलून जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि ती बोटे पुन्हा सरळ झाली. मग त्यांच्या लक्षात आले की उघडलेला हातही जखमी होत राहतो, कारण त्याला दुखत नाही. गरम भांडे, अणकुचीदार खिळा, जास्त घट्ट धरलेले अवजार, कशाचीच जाणीव नाही. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे काम करताना ब्रँड आणि अभियंत्यांनी अशा हातांसाठी दाब मोजणाऱ्या सेन्सरचा मोजा बनवला. दाब धोक्याच्या पलीकडे गेला की कानात आवाज. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करू लागले. मग विजेचा झटका दिला. तेव्हा काम करताना आड येतो म्हणून लोक यंत्रच बंद करून काम उरकू लागले. ब्रँड यांनी अखेर तो प्रकल्प सोडला. वेदना बंद करता येत नाही म्हणूनच ती हाताला वाचवते, हे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले.

मी ही कथा नव्या इंजिनिअरला आवर्जून सांगतो. सेन्सरने माहिती बरोबर दिली होती. चुकले ते असे की ती माहिती माणसाच्या दिवसात कुठे बसणार, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आज मनगटावरचा पट्टा थरथरून “हात वापरा” असे सांगतो, तेव्हा तो ब्रँड यांच्या मोज्याचाच वंशज असतो, आणि त्याच्यासमोर तोच प्रश्न आहे. शिवाय आजचे बहुतेक सेन्सर हालचाल मोजतात, स्पर्श मोजत नाहीत. हात छान हलतो आणि तरी तव्यावर भाजतो, असे रुग्ण कुष्ठरोगातच काय, पक्षाघातात आणि मधुमेहातही भेटतात. त्वचेवर ठरावीक जाडीचा नायलॉनचा तंतू टेकवून जाणीव तपासण्याची जुनी पद्धत म्हणून अजून टिकून आहे, आणि टिकायलाच हवी.

योगायोग असा की वेल्लोर आजही या विषयाच्या नकाशावर आहे. तिथल्या जैव-अभियांत्रिकी विभागात शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या सेन्सरमधून हाताचे काम कसे ओळखावे यावर काम केले आहे. हालचालीतली सफाई मोजण्याचे, २०१२ मध्ये मांडलेले एक माप त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. निरोगी हात पेल्याकडे जातो तेव्हा त्याच्या वेगाचा आलेख एका डोंगरासारखा असतो, एकदा चढून एकदा उतरणारा. झटक्यानंतर त्याच आलेखात टेकड्यांमागून टेकड्या दिसतात; हात थांबतो, चुकतो, पुन्हा निघतो. तो खडबडीतपणा एका आकड्यात पकडण्याचे गणित म्हणजे हे माप. रुग्ण बरा होत जातो तशा टेकड्या एकमेकींत मिसळत जातात. माझ्या पाहण्यात या क्षेत्रातले याहून सुंदर चित्र नाही.

महाराष्ट्राचाही या परंपरेत वाटा आहे. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. म्हणजे हाताकडे काम करणारा अवयव म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. नवे आहे ते मोजण्याचे साधन, आणि ते वापरताना आपण इथले हात मोजले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. बेली आणि लँग यांचे ०.९५ हे सेंट लुईसच्या लोकांचे आहे. जिथे जेवण उजव्यानेच आणि शौचानंतर धुणे डाव्यानेच, तिथे दोन्ही हातांची वाटणी वेगळी असणार. जेब्सन चाचणीत जेवणाचे काम चमच्याने आहे. आपल्या आजोबांना चमचा जमला आणि घास मात्र कालवता आला नाही, तर त्यांच्या लेखी हात परतलेला नाही. पंगतीत डाव्या हाताने जेवावे लागते म्हणून लग्नाला जायचेच सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत. निऱ्या घालणे, वाती वळणे, खुरपे धरणे, गाईची धार काढणे, हार गुंफणे: यांतल्या प्रत्येक कामात बोटांची जुळणी वेगळी आहे, आणि प्रत्येकाची सेन्सरवरची खूण वेगळी येईल. कुठल्या कामाला ‘हात वापरला’ म्हणायचे, हे संगणकाला शिकवणारी उदाहरणे ज्या घरांतून येतील, त्याच घरांना ते यंत्र नीट वाचेल.

उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाविषयी एक धोक्याची सूचना इथेच देतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ निबंधांचे आकडे फुगलेले असतात. एकाच रुग्णाच्या नोंदींचे तुकडे शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे वापरले, तर संगणक हाताचे काम ओळखायला शिकत नाही. तो त्या माणसालाच ओळखायला शिकतो. परीक्षेसाठी ठेवलेला रुग्ण शिकवताना पूर्णपणे बाहेर असला पाहिजे. निबंध वाचताना आधी हे शोधा, मग अचूकतेचा टक्का पाहा. तसेच प्रयोगशाळेत सांगून करून घेतलेल्या हालचालींवर जमलेले गणित स्वयंपाकघरात बहुधा कोसळते. आणि कागदी गुणांशी सेन्सरचा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, ही अपेक्षा सोडा. जुळलाच असता तर सेन्सरची गरज काय होती? एक क्षमता मोजतो, दुसरा वापर. दोन्ही एकाच दिशेने जातात का आणि कुठे फाटतात, हे पाहणे हे खरे काम आहे.

कामाच्या काही बारीक गोष्टी पुस्तकांत क्वचित येतात, म्हणून लिहितो. दोन पट्ट्यांची घड्याळे पुढे-मागे धावतात. बांधण्याआधी दोन्ही एकत्र हातात धरून टेबलावर तीनदा आपटा, म्हणजे दोन्ही आलेखांत तीच तीन टोके उमटतील आणि नंतर वेळ जुळवता येईल. उजव्या-डाव्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, कारण आंघोळीनंतर पट्टे घरच्या घरी अदलाबदल होतात आणि महिन्याभराची मेहनत उलटी वाचली जाते. रुग्णाला एक साधी वही द्या: किती वाजता उठलो, केव्हा बाहेर गेलो, पाहुणे केव्हा आले. जिथे आलेख अर्थहीन वाटतो, तिथे पुष्कळदा वही बोलते. आणि ज्याच्या हातावर पट्टा आहे त्याला, त्याच्या भाषेत, आलेख दाखवा. चोवीस तासांच्या नोंदीतून माणूस केव्हा झोपतो, केव्हा उठतो, घरात केव्हा एकटा असतो, हे सगळे कळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची अट आहेच. पण सही घेतली म्हणजे समजावून सांगितले असे होत नाही.

थेरपिस्टनी सेन्सरला घाबरू नये, हे शेवटी सांगायचे राहते. तो तुमची जागा घ्यायला आलेला नाही. घेऊ शकणारही नाही, कारण मूठ का उघडत नाही हे तुमच्या हाताला कळते, त्याला कळत नाही. तो फक्त तुम्ही जिथे जाऊ शकत नाही तिथे, म्हणजे रुग्णाच्या घरी, त्याच्या मंगळवारी आणि शनिवारी, तुमच्या वतीने बसून राहतो. आणि इंजिनिअर मित्रांनो, प्रयोगशाळेतले काम पुढच्या महिन्यावर ढकला आणि एक महिना ओपीडीत स्टूल टाकून बसा. कुणी तुम्हाला हाकलणार नाही.

दोघांनाही पहिला पाठ एकच देतो. रुग्णाच्या हाती पट्टा बांधण्याआधी तो स्वतःच्या दोन्ही मनगटांवर एक पूर्ण दिवस बांधा, शेजारी वही ठेवा, आणि रात्री आलेख उघडून सकाळपासूनचा आपला डावा हात शोधा. मग पुढचे पान उलटा.